सहा वर्षांची गोदा

१४ ऑक्टोबर १९९६

गोदाचं रक्त बॉम्बे ग्रुपचं! आख्खी सकाळ रक्तपेढीत गेली. ओ ग्रुप म्हणून काढलेली बाटली जुळेना, दुसरी जुळेना. शेवटी तिथल्या डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या — "तुम्ही मायक्रोबायॉलॉजी शिकवता ना, मग तुम्हाला समजावणं सोपं." सोपं कसलं! वर्गात सांगायचं ते वेगळं आणि आपल्या धाकट्या बहिणीबद्दल ऐकायचं ते वेगळं.

तर — वरून ओ दिसतं, पण ओसुद्धा चालत नाही. याच जातीचं रक्त हवं. दहा हजारांत एखाद्याचं असतं म्हणे. आई-बाबा मामा-भाची, आजी-आजोबाही तसेच. आम्हा तंजावरकडच्यांना मुलगी घरातच ठेवायची हौस ना! रक्त घरातल्या घरात फिरवलं की असलं काहीतरी वर येतं.

गर्भाशयात गाठी आहेत, महिनोन्महिने रक्त जातंय, आणि ही बया मला "काही नाही ग" म्हणत शाळेच्या ऑफिसात जाऊन बसत होती. हिमोग्लोबिन सहावर आलंय. ऑपरेशन करायलाच हवं, पण दोन बाटल्या हातात असल्याशिवाय सर्जन सुरी लावणार नाही. स्पष्ट सांगितलं त्यानं. निदान गोड गोड बोलला नाही.

१५ ऑक्टोबर

माझंही तपासलं. तेच! आनंदानं उठून उभी राहिले आणि मग कावीळ आठवली. सत्त्याहत्तर सालची, बी प्रकारची. चाचणीत अजून दिसते. घेणार नाहीत. एवढं रक्त फिरतंय अंगात आणि एक बाटली देता येत नाही! स्वतःच्या यकृताचा इतका राग कधी आला नव्हता.

गोदा हसत सुटली. "मुंबई मी जन्मात बघितली नाही अक्का, आणि रक्त बघ तिकडचं!"

१७ ऑक्टोबर

आत्याचा जयतीर्थ आला होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मराठीत दोन वाक्यं बोलला की तिसरं इंग्रजीत जातं त्याचं, पण मुलगा मनानं चांगला. म्हणाला, ई-मेल करू. मी म्हटलं, कुणाला? "कुणाला असं नाही अक्का. सगळ्यांना. कुणीतरी कुणालातरी पाठवेल."

हे काय उत्तर झालं! पत्ता नसलेलं पत्र पेटीत टाकायचं? पण आज वाद घालायचं त्राण नव्हतं. त्याच्या ऑफिसात जाऊन मजकूर लिहून दिला — गोदा, वय ४६, राहणार नुंगंबाक्कम, चेन्नई, बॉम्बे ग्रुप, ओ नव्हे, ऑपरेशन अडलंय, घरचा फोन, खाली माझं नाव आणि कॉलेज. 'मद्रास' लिहून खोडलं. आता चेन्नई म्हणायचं. जयतीर्थनं बटण दाबलं. मोडेम कुणाचा तरी गळा दाबल्यासारखा ओरडला आणि झालं. मी विचारलं, "गेलं?" तो म्हणाला, "गेलं." कुठे, ते त्यालाही ठाऊक नाही.

२० ऑक्टोबर

फोन सुरू झाले! बहुतेक निरुपयोगी. "माझा ओ पॉझिटिव्ह आहे, चालेल का?" नाही हो, लिहिलंय ना! एक बाई सिंगापूरहून. एक विद्यार्थी पिलानीहून. यांना कसं कळलं? जयतीर्थनं पाठवलं होतं फक्त त्याच्या जुन्या मित्रांना.

गोदा पलंगावरून खाली उतरून स्वतः फोन घेते. मी ओरडले तर म्हणते, "मज बघायला येणार नाहीत ते, निदान आवाज तरी ऐकू दे त्यांस."

२३ ऑक्टोबर

मिळाला! सेलमचा राणोजी, बँकेत कारकून. फोनवर इंग्रजीत सुरुवात केली, मग माझं नाव ऐकून म्हणाला, "म्हंजे तुम्ही आपल्यातलेच की!" जुन्या तंजावरी मराठीत. त्यांचे पूर्वज फौजेतले, आमचे पोथ्या वाचणारे, पण बोली एकच. रात्रीची गाडी धरून येतो म्हणाला. फोन ठेवला आणि रडले. गोदासमोर नाही, स्वयंपाकघरात.

दुसरी बाटली कोइंबतूरची एक नर्स देणार आहे. तिला ई-मेल काय ते माहीत नाही. तिच्या हॉस्पिटलातल्या कुणी छापून भिंतीवर लावलं होतं म्हणे.

२६ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. गोदा ठीक.

३ नोव्हेंबर

गोदा घरी आली. आल्या आल्या पहिलं काय विचारावं — "फोन आला होता का कुणाचा?"

११ डिसेंबर

फोन अजून येतायत! सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की वाजलाच. ऑपरेशन झालं, ती बरी आहे, इडली खाते, भांडते — किती जणांना सांगायचं? जयतीर्थला सांगितलं, हे थांबव. तो म्हणाला, "माझ्या हातात कुठे आहे अक्का? मी एकदाच पाठवलं होतं." मग कुणाच्या हातात? "कुणाच्याच नाही." असली यंत्रणा कुणी बनवली! मालक नाही, चालक नाही, बंद करायचं बटण नाही. जयतीर्थ म्हणतो तारा आणि मशिनं आहेत, बाकी काही नाही. मला पटत नाही.

१९ जानेवारी १९९७

आज कळलं. स्टाफरूममध्ये पेपर तपासताना अचानक कळलं, आणि इतकी वर्षं शिकवून मला हे आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःवर चिडले.

तारा-मशिनं ही नुसती काचेची बशी. वर्गात आम्ही जंतू वाढवायला वापरतो तसली. बशीत वाढतंय ते वेगळंच. माझा मजकूर एका माणसाकडे गेला, त्यानं दहांना पाठवला, दहांनी शंभरांना. हे विभाजन! आणि खातंय काय? दया. ज्याच्या मनात दया येते तिथे ते रुजतं, दुप्पट होतं, पुढे जातं. ज्याला दया येत नाही तिथे मरतं. गोदा बरी झाली याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. पोट भरतंय, वाढतंय.

जयतीर्थला फोन करून सांगितलं. तो हसला. हसू दे. पण मी सांगितलं, जितक्या प्रती मिळतील तितक्या छापून आण.

२ फेब्रुवारी

आणल्या! जेवणाच्या टेबलावर पसरल्या. गोदा म्हणाली पानं कुठे वाढू? म्हटलं खाली बस.

एकही दुसरीसारखी नाही. एकीत नुंगंबाक्कमचं 'नुंगाबक' झालंय. एकीत मी 'डॉक्टर अंबुजा' — बढती! एकीत 'ओ नव्हे' मधलं 'नव्हे' गळालंय, म्हणून ते ओवाले फोन करतात. आणि एकीत, पुढे पाठवताना ओळी मोडल्या तिथे, ४६ मधला ४ गळून गेला आहे. गोदा, वय ६.

आता खरी गंमत. त्यानंतरच्या जवळजवळ सगळ्या प्रती या सहावालीच्या वंशातल्या! सेहेचाळीसवाली मागे पडली, मेलीच म्हणा. का? सेहेचाळीस वर्षांच्या बाईची कुणाला पडली आहे! सहा वर्षांची पोर म्हटली की हात आपोआप बटणाकडे जातो. पुढच्या एकीत तर कुणीतरी 'आई नाही' असंही घातलंय. ते घातल्यावर आणखी पसरली. कुणी ठरवून केलं नाही, नुसती चूक, आणि चुकांतून जी जास्त जगते ती उरली. मी हे बावीस वर्षं फळ्यावर खडूनं लिहितेय, आणि आज पहिल्यांदा ते माझ्या टेबलावर, माझ्याच बहिणीच्या नावानं!

गोदाला वाचून दाखवलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला. "अय्यो, आई नाही म्हणून लिहिलंय. ते मात्र खरं आहे की ग."

१० फेब्रुवारी

फोनवर गोदा काय सांगते ते आज कान देऊन ऐकलं. कुणी विचारलं "त्या छोट्या मुलीचं कसं आहे?" तर ही म्हणते, "बरी आहे. आता शाळेत जाते." शाळेत जाते हे खोटं नाही, ऑफिसात बसते शाळेच्या! मी भडकले. खोट्याला खतपाणी का घालतेस? तर म्हणते, "एवढ्या लांबून फोन करतात बिचारे. त्यांस काय सांगू, की मी विधवा बाई आहे अन् गुडघे दुखतात?"

१५ मार्च

लस तयार केली. साधी, खरी. "गोदा पूर्ण बरी आहे. कृपया हा मजकूर पुढे पाठवू नका, मिळाल्यास खोडून टाका." जयतीर्थनं सोडली.

२७ एप्रिल

लस फुकट गेली. फोन जसेच्या तसे. कारण उघड आहे — त्यात खायला काय आहे? कुणी बरं झालं हे वाचून कुणाला काही करावंसं वाटत नाही. "बरं झालं" म्हणतात आणि मिटवतात. जी पुढे जात नाही ती लस कसली.

११ मे

एक गृहस्थ थेट घरी! सत्यनारायण, कोडंबाक्कमला लग्नाची भांडी भाड्यानं देतात. मोठमोठे हंडे, परातींवर पराती. तोंड रागानं लाल, पण दारात चपला काढून आत आले. हातात एक झेरॉक्स. आमच्या फोनच्या शेवटचा सात कुणीतरी हातानं उतरवताना एक केलाय, आणि तो एक त्यांचा! "अम्मा, मुहूर्ताचे दिवस. पार्टी फोन करते तर लाइन एंगेज. कोण ही गोदा? मी सगळ्यांना सांगतो, राँग नंबर, तर ते मला शिव्या देतात, मूल मरतंय आणि तुम्ही फोन ठेवता म्हणून!"

कागदावरचं माझं नाव आणि कॉलेज धरून शोधत आले. माझी मान खाली गेली. म्हटलं, अशी कुणी मुलगी नाहीच हो. त्यांनी गोदाकडे पाहिलं. गोदानं कॉफी पुढे केली. "मीच ती," म्हणाली. बिचाऱ्यांना कळेना हसावं की काय! जाताना आपला नंबर त्याच झेरॉक्सच्या कोपऱ्यावर लिहून दिला, माझा घेतला — पुन्हा कुणी आलं तर सांगेन म्हणाले. तो कागद कुठे मिळाला विचारलं, तर श्रीपेरुंबुदूरकडे नवे कारखाने होतायत, तिकडे माणसं नेणाऱ्या बसमध्ये चिकटवलेला होता. कुणीतरी त्यांच्या तोंडावर आणून मारला.

कॉम्प्युटरमधून निघून कागदावर जाऊन बसलंय! हवा बिघडली की जंतू बीजाणू होऊन गप्प पडून राहतात, वर्षानुवर्षं, तसं. लशीनं बीजाणू मरत नाहीत. जाऊ दे, कागदच आहे. एका पावसाळ्यात लगदा होईल.

१८ मे

दुसरी लस. या वेळी डोकं लावलं. दया नसेल तर दुसरं काय असतं जे माणूस पुढे पाठवल्याशिवाय राहत नाही? शहाणपण! आपण फसलो नाही, तुम्ही फसलात — हे सांगायला मिळालं की माणूस जेवण सोडून सांगतो. स्टाफरूममध्ये रोज बघते.

म्हणून असं लिहिलं — "सावधान! सुशिक्षित माणसांनाही फसवणारा मजकूर. गोदा नावाच्या मुलीला रक्त हवं, असं कुणी कळवल्यास विश्वास ठेवू नका. अशी कुणी गोदा नाही. आपल्या सर्व मित्रांना सावध करा."

जयतीर्थ थबकला. "अक्का, पण गोदाअक्का आहे ना." म्हटलं, ती आहे, मुलगी नाही. दाब बटण.

२५ मे

परवा गोदाला नवी लस वाचून दाखवली. मला वाटलं हसेल. हसली नाही. संध्याकाळी फुलं ओवता ओवता म्हणाली, "मी नाही म्हणून जगभर कळवलंस तू."

"अग लस आहे ती."

"सरी," म्हणाली, बरं म्हणावं तसं. नुसतं सरी. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. मला वाईट वाटलं, पण फोनचं कुणीतरी बघायला हवं ना!

३० जून

आगीसारखी पसरली लस! मलाच माझ्या विद्यार्थिनीकडून आली. "मॅडम, सावध राहा, असे लोक असतात." खाली भली मोठी नामावळ. मी हसू दाबून थँक यू म्हटलं.

८ ऑगस्ट

फोन थांबले. संपूर्ण. कॉफी पूर्ण पिऊन झाली तरी शांतता. सत्यनारायणांचा एकदा आला, आभार मानायला. त्यांच्याकडे श्रावणात लग्नं असतात, बुकिंग जोरात आहे म्हणाले.

इतकं मोठं, कुणाच्याच ताब्यात नसलेलं जनावर, आणि मी एकटीनं त्याला एक गोष्ट शिकवली! जयतीर्थही आज म्हणाला, "अक्का, मानलं." आता तो तारा आणि मशिनं म्हणत नाही. मी त्याला समजावलं, जिवंत आहे तो मजकूर नव्हे, आपण सगळे मिळून जिवंत आहोत आणि मजकूर आपल्यातून फिरतो. आपण त्याच्या पेशी. एखादी पेशी मेली, एखादं मशिन बंद पडलं, तरी त्याला पत्ता नसतो. दुसऱ्या वाटेनं जातं.

२ सप्टेंबर

गोदा अधूनमधून रिसीव्हर उचलून बघते, डायल टोन आहे ना. मी बघितलं न बघितल्यासारखं करते.

१९ जानेवारी १९९८

कॉलेजात नवीन कॉम्प्युटर. प्राचार्यांनी मला 'जिवंत जाळं' या विषयावर बोलायला लावलं. टाळ्या! लशीची गोष्ट सांगितली. गोदाचं नाव सांगितलं नाही.

६ ऑगस्ट

गोदानं रक्ताची उलटी केली. सकाळी, बेसिनमध्ये. काळपट, खूप. गुडघ्यांसाठी दुकानातून स्वतःच गोळ्या आणून खात होती, उपाशी पोटी! जठरात जखम. ॲडमिट केलं.

हिमोग्लोबिन पुन्हा सहावर.

७ ऑगस्ट

नळी घालून तात्पुरतं थांबवलंय. पुन्हा वाहिलं तर पोट उघडावं लागेल, आणि रक्ताशिवाय उघडणार नाहीत. एक बाटली तरी.

राणोजी मस्कतला गेला, वर्ष झालं. सेलमच्या बँकेतून कळलं. कोइंबतूरची नर्स गरोदर आहे. तीच रडायला लागली फोनवर, मीच समजूत काढली. रक्तपेढीच्या यादीत एक माणूस आहे, त्यानं गेल्याच महिन्यात दुसऱ्याला दिलंय, आता इतक्यात घेता येणार नाही.

जयतीर्थ येतोय. पुन्हा लिहायचं. यावेळी मला माहीत आहे ते कसं चालतं.

८ ऑगस्ट

लिहिलं. पाठवलं. आणि उत्तरं यायला लागली.

"हा जुना फसवा मजकूर आहे." "पुन्हा सुरू झालं का हे?" "लाज वाटत नाही, लोकांच्या भावनांशी खेळायला?" एकानं तर काही न लिहिता नुसती माझीच लस परत पाठवली. माझंच वाक्य. अशी कुणी गोदा नाही.

जयतीर्थ माझ्याकडे बघत नव्हता. स्क्रीनकडे बघत बसला.

९ ऑगस्ट

उलट मजकूर लिहिला — या वेळी खरं आहे, हॉस्पिटलात फोन करून खात्री करा, मीच आधीचं खोटं लिहिलं होतं. उत्तर आलं, "फसवणारे आता असंही लिहितात." बरोबर आहे! मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. प्रतिकारशक्तीला आठवण असते. एकदा शिकली की त्याच नावाचं काहीही आलं की परतवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते मी हे, खाली दोन रेघा ओढून.

नाव बदलून पाठवूया, जयतीर्थ म्हणाला. पाठवलं. 'बॉम्बे ग्रुप' आणि 'चेन्नई' दिसलं की तेवढ्यावरच ओळखतात. इतकी चांगली लस केली मी! माझ्या बहिणीविरुद्ध सगळ्या जगाला टोचली.

१० ऑगस्ट

पहाटे पुन्हा थोडं रक्त गेलं. सर्जन म्हणाला, फार तर उद्यापर्यंत थांबू.

गोदा पांढरीफटक पडली आहे, पण तोंड चालू. "घरी फोन कोण उचलतंय?" मी म्हटलं कुणी नाही, मी इथे आहे. "मग जा की घरी. इथे बसून काय करतेस? कुणीतरी करेल फोन."

म्हटलं, नाही करणार ग कुणी. मी बंद केलं ना सगळं. आणि मग तिच्यासमोरच रडले, पहिल्यांदा. म्हटलं, तू नाहीस म्हणून कळवलं मी जगभर.

तिनं हात माझ्या डोक्यावर ठेवला. किती हलका होता! "तू सांगितलंस म्हणून मी नाहीशी होते का? वेडी. जा, आंघोळ कर, दोन घास खा. फोनपाशी बस."

११ ऑगस्ट

आंघोळ करून निघतच होते. फोन. सत्यनारायण! कारखान्याच्या बसमधला एक माणूस दुकानात येऊन बसलाय म्हणे. ड्रायव्हरच्या मागे एक जुना, पिवळा पडलेला कागद दिसला, नंबर तोच, सातचा एक झालेला. कारखान्याच्या शिबिरात रक्त तपासलं तेव्हा त्याला कळलं होतं, आपलं बॉम्बे ग्रुपचं.

"अम्मा, मी सांगितलं त्याला, अशी कुणी मुलगी नाही, तुम्हीच म्हणाला होता. तो उठतच नाही. म्हणतो, सहा वर्षांचं पोर आहे, एकदा नीट विचारा. आहे का हो कुणी?"

"आहे," म्हटलं. "सहा वर्षांची. लवकर पाठवा."